दाभाडे काका आणि व्हरमाँटचा चिखल

दाभाडे काका टायरच्या दुकानात जाताना बरोबर कणीक घेऊन जातात.

वाचताना तुमची चूक झालेली नाही आणि लिहिताना माझीही नाही. स्टीलचा डबा, त्यात मळलेली कणीक, वर ओला रुमाल. दुकानात शिरलं की काका मांडून ठेवलेल्या टायरांपुढे उकिडवे बसतात. कणकेचा गोळा टायरच्या खाचांत तळव्यानं दाबतात, मनात दहा आकडे मोजतात आणि एका झटक्यात ओढून काढतात. गोळा अख्खा सुटून आला तर मान डोलावतात. खाचांत चिकटून राहिला तर "छ्या!" म्हणून पुढच्या टायरकडे सरकतात.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा काउंटरवरचा टोनी नावाचा धिप्पाड माणूस घाईघाईनं आला.

"सर, इज दॅट फूड?"

काका वर न बघता म्हणाले, "नो. दिस इज व्हरमाँट."

टोनीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

दाभाडे काका पार्सिपनी गावातले आमचे शेजारी. त्यांची भिंत आणि आमची भिंत एकच, त्यामुळे त्यांना शिंक आली तरी आमच्याकडे कळतं. मूळचे कऱ्हाडचे. इथे येऊन त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं मातीची परीक्षा केली. म्हणजे कुठे पूल किंवा इमारत व्हायची असली की आधी हे जायचे, जमिनीला भोकं पाडायचे, खालची माती बाहेर काढायचे आणि ती किती भार सोसेल ते सांगायचे. मग निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या हातांपर्यंत पोचलेली नाही. आमच्या कुंडीतली तुळस सुकली तेव्हा त्यांनी झाडाकडे बघितलंसुद्धा नाही. चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "आधी जमीन काय म्हणते ते बघू."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. डॉक्टरनं गुडघ्याचं ऑपरेशन सुचवलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

माणसांचीही ते मातीवरूनच वर्गवारी करतात. आमच्या मंडळाचे अध्यक्ष 'रेताड', कारण त्यांना काहीही सांगा, खालून निघून जातं. खजिनदार कुलकर्णी 'चिकण', एकदा घरी आले की उठत नाहीत. माझा नवरा 'पोयटा', स्वभावानं मऊ, काहीही रुजतं. मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले, त्यांची शेजारीण झाले, आणि बरीच वर्षं त्यांनी माझी वर्गवारी सांगितलीच नाही. मग एकदा त्यांचा पाय मुरगळला असताना मी त्यांना दवाखान्यात नेलं, तर गाडीत अचानक म्हणाले, "शुभा, तू मुरूम आहेस." मला राग आला होता. मुरमावर रस्ते उभे राहतात, हे मला नंतर कळलं.

त्यांच्याकडे एक पिकअप आहे. वय वीसच्या पुढे, रंग कधीकाळी हिरवा. आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या गाड्या विजेवर चालतात आणि मांजराच्या पावलांनी येतात-जातात. काकांची पिकअप सुरू झाली की दोन गल्ल्यांतली कुत्री उठून उभी राहतात. मंडळाच्या गणपतीचं मखर, नाटकाचा सेट, कुणाचा सोफा, सगळं तिच्या पाठीवरून गेलेलं आहे. तिचे टायर मात्र पार गुळगुळीत झाले होते. काकांना त्याची काळजी नव्हती, कारण पिकअप फार तर किराणा आणायला जायची.

मग सप्टेंबरमध्ये त्यांच्या मुलीचा, रेवतीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा डॅन व्हरमाँटच्या डोंगरात शेळ्या पाळतात आणि चीज करतात. रेवतीला दिवस गेले होते. तारीख एप्रिलच्या मध्यावर.

आता पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी. हे काकांच्या डोक्यात पक्कं. पण रेवती शेळ्या सोडून येणार कशी? आणि आली तरी माहेरी होतं कोण? नलिनीकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. काकांनी एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी आमची बेल वाजवून जाहीर केलं, "मुलगी माहेरी येऊ शकत नाही, तर माहेर तिच्याकडे जाईल. पिकअपमध्ये घालून."

रेवतीनं त्यांना फोनवरच थांबवायचा प्रयत्न केला. "बाबा, एप्रिलमध्ये इथे मड सीझन असतो. बर्फ वितळतं आणि आमचा कच्चा रस्ता म्हणजे नुसता चिखल होतो. गाड्या रुततात. तुम्ही नका येऊ, प्लीज."

ती खरोखर काळजीनं म्हणाली, की वडील महिनाभर घरात राहणार या धास्तीनं म्हणाली, मला माहीत नाही. दुसरा कुणी बाप असता तर गप्प बसला असता, नाहीतर रुसला असता. काकांना त्यात फक्त एक तांत्रिक अडचण दिसली. एका पोरीच्या आणि तिच्या माहेराच्या मध्ये तीन मैल चिखल आहे. चिखल म्हणजे माती आणि पाणी. म्हणजे विषय त्यांचाच.

"रस्त्याची माती पाठव," ते म्हणाले.

"व्हॉट?"

"झिपवाल्या पिशवीत भरून. पाव किलो. टपालानं."

आणि तिनं पाठवली! पुढच्या शनिवारी आमची पोस्टवाली बाई एक पाकीट दोन बोटांत धरून आली. काकांनी ते तिच्यासमोरच उघडलं, माती हातात घेतली, पाणी घालून मळली, बोटांमध्ये शेवईएवढी वळी केली, ती तुटेपर्यंत मळत राहिले आणि समाधानानं म्हणाले, "गुड क्ले!" मग दर आठवड्याला असं पाकीट यायला लागलं, आणि त्या बाईनं ते पायरीवर ठेवून पळायला सुरुवात केली.

पाव किलो मातीत टायर थोडाच तपासता येतो? म्हणून कणीक. काका त्या चिखलाचा लिबलिबीतपणा हातानं ओळखायचे आणि तितक्याच लिबलिबीत कणकेचा गोळा मळायचे. चिखलात चालणाऱ्या टायरचा मुख्य गुण म्हणे हा, की चाक फिरताना खाचांतला चिखल त्यानं झटकून टाकला पाहिजे. नाही झटकला तर खाचा भरतात आणि टायर पेढ्यासारखा गुळगुळीत होतो. नुसतेच चिखलाचे टायर घ्यावेत तर ते हायवेवर कानठळ्या बसवतात, आणि व्हरमाँटपर्यंत सहा तास हायवेच. म्हणून 'ऑल-टेरेन', दोन्हीकडे चालणारे. त्यातही अंगावर डोंगराचं आणि हिमाच्या फुलाचं चिन्ह हवं, म्हणजे बर्फातही धरतात. शिवाय टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन म्हणजे जन्माचा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. काका चष्मा कपाळावर चढवून ते वाचायचे आणि टोनीला विचारायचे, "व्हाय इज दिस फेलो स्टिल अनसोल्ड?"

मी या सगळ्यात कशी ओढले गेले? मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. काकांना त्यातला दुसराच शब्द ऐकू येतो. "तू टेस्टिंगवाली ना? चल मग." माझी मीटिंग असो, डोकं दुखत असो, शनिवारी दुपारी पिकअप दारात घुरघुरत उभी. मी त्यांना एक्सेल शीट करून दिली. चिखल झटकणं, आवाज, बर्फ, वय, प्रत्येकाला दहापैकी गुण. काकांनी त्यात आणखी एक रकाना वाढवला, 'स्वभाव'. मी विचारलं, "काका, टायरचा स्वभाव कसा मोजायचा?" तर म्हणाले, "मोजायचा नसतो, लिहायचा असतो."

परीक्षा झालेले कणकेचे गोळे ते टाकून देत नसत. त्यावर टायरच्या नक्षीचा सुरेख ठसा उमटलेला असायचा. तो घरी आणून ओव्हनमध्ये कडक भाजायचा, मागे नंबर टाकायचा आणि शोकेसमध्ये ठेवायचा. दिवाळीच्या फराळाला त्यांनी मंडळाच्या लोकांना बोलावलं होतं, तेव्हा खजिनदार कुलकर्ण्यांनी शोकेसमधला एक उचलून खाल्ला. बराच वेळ चावून म्हणाले, "छान आहे, मीठ थोडं कमी पडलंय."

काकांचा चेहरा पडला. "अहो, तो तीन नंबर होता!"

"मग चार नंबर घेऊ का?"

दर रविवारी सकाळी दहाला रेवतीचा फोन यायचा आणि स्पीकरवर असल्यानं आमच्या भिंतीलाही ऐकू यायचा.

"या वेळी रंग काय आहे?"

"बाबा, इट्स ब्राऊन."

"ब्राऊन म्हणजे कसा? चहासारखा की गुळासारखा?"

"लाइक… चॉकलेट?"

"चॉकलेट आपल्या शास्त्रात बसत नाही. वळी करून बघितलीस?"

"केली. तुटली."

"कुठे तुटली? मधे की टोकाला?"

असं पाऊण-पाऊण तास. मग हळूहळू त्यात शेळ्या यायच्या, डॅनची पाठ यायची, तिला सकाळी होणारी मळमळ यायची. अळीव कसे भिजवायचे आणि बाळंतशोपा म्हणजे नक्की काय, हे तिनं एकदा विचारलं. काकांनी मला भिंतीवर ठोकून विचारलं, मी नागपूरला आईला फोन लावला, आणि उत्तर तीन घरं फिरून व्हरमाँटला पोचलं.

सगळं छान चाललं होतं, फक्त टायर ठरत नव्हते. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. आठ दुकानं झाली. मला शीटमध्ये दोन टायर स्पष्ट पुढे दिसत होते, पण दर सोमवारी काका म्हणायचे, "या आठवड्याच्या सॅम्पलमध्ये पाणी जास्त आहे. पुन्हा बघावं लागेल." फेब्रुवारी संपला तशी माझी चिडचिड व्हायला लागली. ती पोर तिकडे दिवस मोजतेय, आणि हा म्हातारा इकडे पोळ्यांच्या कणकेशी खेळतोय! गुळगुळीत टायरांवर गेले आणि कुठे रुतून बसले तर? मी नवऱ्याला म्हणाले, "आज मी भांडणार आहे." पोयटा म्हणाला, "बरं."

मी तरातरा गेले. काकांचं गॅरेज उघडं होतं. आत कोपऱ्यात नलिनीकाकूंच्या जुन्या निळ्या चादरीखाली काहीतरी उंच रचलेलं होतं. चादर थोडी सरकलेली. मी ती उचलली.

चार नवे कोरे टायर. डोंगर, हिमाचं फूल, सगळं जागच्या जागी. माझ्या शीटमधला पहिला नंबर.

काका मागे येऊन उभे राहिले होते. चोरून लोणचं खाताना पकडलेल्या मुलासारखे.

"कधी घेतले?"

"दिवाळीच्या आधी."

"मग हे चार महिने माझे शनिवार?" माझा आवाज चढला होता. "अहो काका, मी शीटमध्ये स्वभाव भरतेय!"

ते टायरांना टेकले. मग म्हणाले, "नलिनी होती तेव्हा रेवतीचा फोन आला की मी एकच वाक्य बोलायचो. 'थांब, आईला देतो.' पोर कॉलेजला गेल्यापासून मी तिच्याशी तेवढंच बोललोय, शुभा. नलिनी गेली. पंधरा दिवसांनी रेवतीचा फोन आला. मी सवयीनं म्हणालो, थांब, आईला देतो. आणि फोन घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेलोसुद्धा."

मी खाली बसले.

"मग दोन वर्षं ती विचारायची, जेवलात का. मी म्हणायचो, हो. मी विचारायचो, थंडी आहे का. ती म्हणायची, येस. संपला फोन. या चिखलामुळे पहिल्यांदा आम्ही पन्नास मिनिटं बोललो. मी घड्याळात बघितलं. आता टायर ठरले म्हणून सांगितलं तर चिखलाचं काम संपलं. मग रविवारी काय बोलू तिच्याशी?"

मला भांडायला आल्याची लाज वाटली. मी चादर नीट केली आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी ते डोव्हरकडचं दुकान राहिलंय आपलं."

मार्चच्या शेवटी टोनीनं ते टायर बसवून दिले. एवढ्या शनिवारांनंतर त्याचाही जीव अडकला होता. काम झाल्यावर त्यानं हात पुसत विचारलं, "सो, व्हरमाँट पास्ड?" काकांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

काकांना एकट्यानं इतकं लांब जाऊ द्यायचं नाही म्हणून मी बरोबर निघाले, विमानानं परत येणार होते. मागे ताडपत्रीखाली डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, शेकायची शेगडी, लाकडी पाट आणि बाळंतविडा. टायर हायवेवर घूंऽऽ करत होते. आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो आणि काका इतके खुशीत होते, की टोल नाक्यावरच्या कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी हात हलवला.

दुपारी आम्ही व्हरमाँटच्या डोंगरात शिरलो. फोननं सांगितलं, डावीकडे वळा, तीन मैल. मी सीटची कड घट्ट धरली. काकांनी गाडी वळवली.

खाली नवी खडी होती. दाबून बसवलेली, कोरडी, मधे उंच आणि कडेला पाणी जायला चर. पिकअप त्यावरून एखाद्या नवरदेवासारखी चालली होती. पुढून एक म्हातारी बाई छोट्याशा गाडीतून आली आणि हात करून गेली.

"काका! हा तर पक्का रस्ता आहे!"

"हो."

"चिखल कुठे आहे?"

"गावानं थंडीच्या आधीच खडी टाकलेली दिसतेय." ते समोर बघत होते. "मला डिसेंबरात कळलं. रस्त्याची माती वेगळी, त्यात वाळू असते. डिसेंबरपासून आलेल्या पिशव्यांत वाळू नव्हती. शेळीचे केस होते. एकदा आले तर समजू शकतो. पण दर आठवड्याला? पोरगी गोठ्यातली माती भरून पाठवत होती."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? रस्ता झाला हे तिला सांगायचं नव्हतं. पोटुशी बाई वाकून दर आठवड्याला माती भरतेय, पोस्टात जातेय. कशासाठी, ते मी ओळखायला नको?" त्यांनी नाक ओढलं. "माती कधी खोटं बोलत नाही."

मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं, आणि मी दोन्ही केलं.

रेवती घराच्या पायरीवर उभी होती. पोट चांगलंच पुढे आलेलं, पायात डॅनचे गमबूट. तिनं पिकअप पाहिली, मग ते नवे टायर पाहिले. टायरांवर धूळ होती, चिखलाचा एक ठिपकाही नव्हता. तिचा चेहरा लाल झाला.

"बाबा, ॲक्च्युअली, तो रस्ता… आय वॉज गोइंग टू टेल यू…"

काका उतरले, कमरेवर हात ठेवून ताठ झाले. "फार वाईट रस्ता आहे तुझा," ते म्हणाले. "हे टायर होते म्हणून पोचलो."

ती मग पायऱ्या उतरून आली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. काका एका हातात लाडवांचा डबा धरून उभे होते. दुसऱ्या हाताचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला.

"मी काही फार दिवस राहणार नाही," ते म्हणाले. "बाळाचं बारसं झालं की मे महिन्यात निघतो."

रेवतीनं डोकं उचललं नाही. "मेमध्ये रस्ता खूप खराब असतो, बाबा," ती म्हणाली. "जाताच येत नाही."

काकांनी वळून त्या खडीच्या रस्त्याकडे नीट पाहिलं.

"हो ना," ते म्हणाले. "दिसतंच आहे."